माझ्या नावाची प्रार्थना

"आमच्याकडे स्वयंपाकाला येते ना, तिच्यासाठी. नवरा दुसऱ्या बाईकडे राहतो. हिलाच नमतं घेता येत नाही. प्रभू, हिला नम्र कर."

मॅडम डोळे मिटून बोलल्या. परळच्या टॉवरमधलं त्यांचं घर. गुरुवारची बायकांची प्रार्थनासभा. सगळ्या "आमेन" म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसलेली.

हे मी एकट्या मॅडमना सांगितलं होतं. कणीक मळताना. "माझ्याजवळच राहील हं," म्हणाल्या होत्या. आणि आता सभेत आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या दोघीही बसल्या होत्या.

चर्चमध्ये मॅडम मला बहीण म्हणतात. टॉवरमध्ये मी नोकरांच्या लिफ्टनं जाते.

मी चौथी शिकले. बायबल बोट ठेवून वाचते. चारचौघींत कधी तोंड उघडलं नाही. मग दर गुरुवारी माझं नाव यायला लागलं. चहाबरोबर मीही वाटली जायचे.

पुढे नवरा आजारी पडला. त्या बाईनं हाकलला. रे रोडच्या तिच्या घरातून निघून तो मॅडमकडे येऊन रडला. गुरुवारी त्यांनी त्याला सभेत खुर्चीवर बसवलं.

"देवानं ऐकलं बघ. ऊठ, साक्ष दे. सांग, नवऱ्याला मी परत घरात घेतलं म्हणून," मॅडम मला म्हणाल्या.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तिथं खोटं बोलायचं नसतं.

मी उठले. त्या घरात सात वर्षं राबले, पण खुर्चीत कधी बसले नव्हते. तो बसला होता.

म्हणाले, "मी याला माफ केलंय. दवाखान्यात डबा नेईन. घरात घेणार नाही. आणि माझ्या नावानं प्रार्थना करायची, तर आधी मला विचारा."

"अगं बाई, हिला तोंड आहे!" कुणीतरी हसलं.

मॅडम म्हणाल्या, "एवढा गर्व? उद्यापासून येऊ नकोस."

मी पुढच्या दारानं निघाले. मालकांच्या मोठ्या लिफ्टनं खाली आले.

रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. चाळीतल्या दोघीही पुढे गेल्या. गाताना माझा आवाज मला एकटीलाच ऐकू येत होता. घरी येऊन एका माणसाचा भात टाकला. खूप रडले. देवाशी बोलले, मोठ्यानं. दार लावून.

येत्या रविवारीही मी त्याच बाकावर बसणार. कडेला नाही, मधोमध. पुन्हा साक्ष मागितली तर हीच देईन. एक शब्द बदलणार नाही.