रंगाला न लागलेला पाय

देवावर माझा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. रोह्याच्या न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला अन्याय दिसला की अर्ज लिहायची सवय असते. पण गेल्या वर्षी माझी एकुलती लेक आजारपणात गेली, तेव्हा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा हे मला कळेना. देवघरात निरांजन लावणे मी बंद केले. यंदा घरी गणपती आणायचा नाही, असे जावयाला पत्राने कळवले. जावई पेणजवळच्या जोह्याचा, गणपतीचा मूर्तिकार.

लेकीची लेक पूर्वा, सहा वर्षांची. आई गेल्यापासून ती बोलत नसे. जोह्याच्या शाळेत पहिलीत नाव घालायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवले, की पोरीला आणखी एक वर्ष अंगणवाडीत बसू द्यावे, बोलू लागली की पाहू. त्या मृदूपणे बोलल्या, हे आज लिहितो. तेव्हा मला ते ऐकूच आले नाही. शिक्षणहक्क कायद्यातील कलम तीन उद्धृत करून मी वरिष्ठांना तीन पत्रे धाडली, प्रत्येकाची पोच घेतली. बाईंनी नाव घातले. मात्र पहिल्या दिवशी पोर कशी बसते ते पाहून पुढचे ठरवू, असे जावयाला म्हणाल्या. त्यावर मी चौथे पत्र लिहिले, त्यात त्यांच्यावर कारवाईची मागणी केली, आणि शाळा उघडण्याच्या दिवशी ते खिशात घालून रोह्याहून निघालो. पेणपर्यंत गाडीत मी एका जागी बसू शकलो नाही.

शाळेच्या दाराला आंब्याचे डहाळे बांधले होते. नव्या मुलांना ओवाळत होते, हातात नवी पुस्तके देत होते. गणपतीच्या कारखान्यांतला हंगाम ऐन भरात असूनही आईबाप नखांना रंग लागलेला तसाच घेऊन तासाभरासाठी आले होते. दाराशी कुंकवाच्या पाण्याचे ताट आणि पुढे पांढरा कागद. पहिलीच्या प्रत्येक मुलाने ताटात पाय बुडवायचा, कागदावर ठसा उमटवायचा आणि वर्गात जायचे, अशी रीत.

पूर्वा ताटापाशी आली आणि तिने पाय मागे घेतला. बाईंनी समजावले, बापाने समजावले. ती खालीच बसली, पाय झग्याखाली दुमडून. मागची रांग थांबली. कोणीतरी आई हळूच म्हणाली, "घाबरली गो ती, राहू दे." बाईंनी माझ्याकडे पाहिले, त्या नजरेत दोष नव्हता, म्हणूनच ती मला सोसवेना. मी पत्र बाहेर काढले. सगळी कलमे माझ्या बाजूने होती आणि पोरीचे पाऊल पुढे टाकवील असे त्यांतले एकही नव्हते. तेव्हा हात न जोडता, भांडल्यासारखे, मी मनात म्हणालो: तू आहेस की नाहीस, एवढे आज सांग.

समोरच्या थांब्यावर एक बाई उभी होती. खाडीकाठची असावी, काखेत पिशवी, बोटे रंगाने माखलेली. पेणची बस चुकली म्हणून थांबलेली. कोणी बोलावले नसता ती आत आली आणि पूर्वासमोर उकिडवी बसली.

"पोर घाबरली नाय, बाई," ती म्हणाली. "हिची आय माझ्या बाजूला बसून देवाचे पाय रंगवायची. रंगाला पाय लागला की पोरीला कान धरायला लावायची. पोर आयशीचं ऐकते हाय."

कारखान्यात जावई साच्यांकडे असे, लेक रंगाकडे. त्यालाही हे ठाऊक नव्हते.

मग ती पूर्वाला म्हणाली, "पाय नको गो. हात दे."

पूर्वाने दोन्ही तळवे ताटात बुडवले. इतक्या पावलांमध्ये दोन लाल हात उमटले.

हजेरी झाली तेव्हा मी खिडकीबाहेर उभा होतो. पूर्वाचे नाव पुकारले गेले. बाई थांबल्या. मी गज धरला. "हाय," ती म्हणाली. मोठ्याने नव्हे, पण म्हणाली. बाईंनी हजेरीपटावर खूण केली आणि पदराने डोळे पुसून पुढचे नाव घेतले.

मी मागे वळलो तोवर बस येऊन गेली होती. दोन-तीन कारखान्यांत चौकशी केली. हंगामात बाया येतात-जातात, कोण ते सांगता येईना. बस कोणाचीही चुकते, हे मलाही कळते, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. वर्षभर ज्या पोरीला आम्ही मुकी समजत होतो, ती आईचा शब्द सांभाळून बसली होती. तो वाचायला माझे कायद्याचे शिक्षण उपयोगी पडले नाही. दारातून बोलावल्याविना कोणीतरी यावे लागले.

चौथे पत्र फाडले. पाचवे बाईंना लिहिले: तक्रार मागे घेतो, क्षमा असावी. सहावे जावयाला: माझ्या घरासाठी एक लहान मूर्ती ठेवावी, तिचे पाय पूर्वाकडून रंगवून घ्यावेत.

राग पुरता गेला, असे म्हणणार नाही. अजूनही संध्याकाळी देवाशी भांडतो; फक्त आता आधी निरांजन लावतो.