कंठ दाटून येणारे तात्या

आमच्या धारूर भागात तात्यांइतका हळवा पुढारी दुसरा झाला नाही. भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला त्यांचा कंठ दाटून यायचा. एक हात छातीवर, दुसरा माईकच्या दांड्यावर, डोळ्यांत पाणी आणि तोंडातून शब्द फुटेना. बायका पदराने डोळे टिपायच्या. विरोधी उमेदवार बिचारा तासभर एका दमात बोलायचा आणि पडायचा. या हळवेपणाचं औषध माझ्या दुकानात मिळायचं. माझं मेडिकल आहे, आणि तात्यांना दमा होता हे बीडच्या डॉक्टरांखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

शाळेत आम्ही एका बाकावरचे. त्यामुळे चारचौघांत मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि दुकानात अरे-तुरे. हे मी दुकानात बसूनच लिहितोय, तेव्हा अरे-तुरेच बरं. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो मागच्या दाराने यायचा, दम्याचा पंप तोंडाला लावून ओढायचा आणि दुसरा बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घालून न्यायचा. एकदा मी म्हणालो, लोकांना सांगून टाक, दमा काही चोरी नाही. तर म्हणाला, "दमेकऱ्याला कोण मत देतंय बे? लोकाला पळणारा माणूस लागतो."

डॉक्टरांनी त्याला टाळायच्या गोष्टींची यादी लिहून दिली होती. धूळ, धूर, फुलांचे पराग, अगरबत्ती, फटाके, बोचरी थंडी. वाचून मला वाटलं, चुकून याच्या दौऱ्याचा कार्यक्रमच लिहिलाय की काय. सकाळी उद्घाटनाला अगरबत्तीचा अख्खा जुडगा, मग नाकापर्यंत झेंडूचे हार, दुपारी दहा गाड्यांचा फुफाटा, संध्याकाळी कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याचं पूजन, तिथे हवेत कापसाचे तंतू. यातलं त्याने एकही सोडलं नाही. सोडलं काय, तर दही. मग केळी, पेरू आणि उसाचा रस. दम्याचं मूळ दह्यात आहे यावर त्याची जेवढी श्रद्धा होती, तेवढी पक्षावरही नव्हती. पक्ष त्याने तीनदा बदलला.

त्याचा बापही धापा टाकतच गेला होता. म्हणून मी घसा फोडून सांगायचो, की तू ओढतोस तो पंप वेळ मारून नेणारा आहे. रोजचा वेगळा असतो, तो नेमाने घे म्हणजे झटके कमी होतील. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "रोज औशद घेतो तो आजारी. आमी कधीमधी घेतो."

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांना निरोप द्यायला तो हमखास जायचा. ट्रक सुरू झाले की डिझेलचा काळा धूर थेट तोंडावर. पोरांसाठी इथेच वसतिगृह काढतो, एवढं बोलून व्हायचं आणि त्याचा श्वास अडकायचा. पाच वर्षं ते वाक्य तिथेच अडकलं. वसतिगृहही. तरी ट्रकमधल्या एका म्हातारीने माझ्यादेखत डोळे पुसले. "आमच्यासाठी लई जीव तुटतो ह्याचा," म्हणाली. मला तेव्हा त्याची चीड आली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला पंप दिलाच.

जिल्हा परिषदेच्या निकालाच्या दिवशी त्याने मला बजावलं, पंप खिशात ठेव आणि जवळ उभा राहा. तो चांगला दणदणीत निवडून आला. चौकात उघड्या जीपवर तो उभा, दोन्ही बाजूंना जेसीबी, आणि त्यांच्या बकेटमधून गुलालाची पोतीच्या पोती खाली येत होती. वर फटाक्यांचा धूर. त्याने मान वळवून मला शोधलं. ओठ निळसर पडले होते. मी रेटारेटी करत जीपपाशी गेलो आणि मुठीत पंप धरून हात वर केला. चहूबाजूंनी मोबाइल उंचावलेले होते. त्याने माझी मूठ दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, जशी कार्यकर्त्याची लावतात तशी, आणि सोडून दिली. पंप माझ्याच हातात राहिला. "तात्या रडले," कोणीतरी ओरडलं आणि घोषणा दुप्पट झाल्या.

तो खाली बसला तेव्हा लोकांनी आणखी गुलाल टाकला. त्याच्याच मिरवणुकीतून त्याची गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. दवाखाना गाठण्याआधीच तो गेला.

शोकसभेत सगळे त्याच्या हळव्या मनावर बोलले. मी मागे बसलो होतो. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. तो जीपवर उभा होता तेव्हा मतमोजणी होऊन दोन तास झाले होते. दमा जाहीर झाला असता तरी आता एक मत कमी होणार नव्हतं. हे त्याला सुचलं नाही, आणि हातात पंप घेऊन खाली गप्प उभ्या राहिलेल्या मलाही सुचलं नाही.