म्हसोबाच्या नावाचा कोंबडा

आमच्या घरात प्राण्यांचे लाड करायची पद्धत नाही. कुत्रा राखणीसाठी, कोंबड्या अंड्यांसाठी, आणि मांजर कुणी बोलावलेलं नसताना आलेलं. मी शहरात, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्न होऊन सिन्नर रस्त्यावरच्या या मळ्यात आले तेव्हा कोंबडी अंगावर आली की मी ओट्यावर चढायचे. सासूबाईंनी ते इतक्या जणांना सांगितलं, की पुढची दोन वर्षं नवा पाहुणा आला की तो आधी माझ्याकडे आणि मग ओट्याकडे बघायचा. अशा माणसाने एका कोंबडीच्या पिल्लाला रोज आंघोळ घालावी, याचं मला आजही हसू येतं.

सुरुवात नवऱ्याच्या पायापासून झाली. तो अंबडला कंपनीत आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरच्या खडीवरून गाडी घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण पहिल्यासारखे चालतील का ते आत्ता सांगत नाही. सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या, पाय धुतले आणि तडक आमच्या बांधावरच्या म्हसोबाकडे गेल्या. म्हसोबा म्हणजे लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड. पण आमच्या मळ्यात त्याच्या मर्जीबाहेर कुणी विहिरीवरची मोटरही सुरू करत नाही. तिथे त्या काय बोलल्या, ते आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

माघात घरच्या एका कोंबडीखाली पिल्लं निघाली. त्या वर्षी थंडी अशी होती की सकाळी शेवंती तोडताना बोटं वळत नव्हती. नवऱ्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तो दिवसभर घरात बसून कंटाळला होता आणि कंटाळलेल्या माणसाला कुणाची तरी दया येतेच. त्याने पिल्लं उचलून हॉलमध्ये आणली, वर बल्ब लावला, खाली वर्तमानपत्र अंथरलं. हॉलमधल्या फरश्या त्याने स्वतः दुकानात जाऊन निवडलेल्या. त्या इतक्या गुळगुळीत आहेत की मोजे घालून आम्ही माणसंही भिंत धरून चालतो. त्यावर वर्तमानपत्र, आणि त्यावर दोन दिवसांची पिल्लं. बाकीची कशीबशी सावरली. एकाचे दोन्ही पाय मात्र दोन बाजूंना फाकले आणि तसेच राहिले. ते पोटावर सपाट पडायचं, पंख आपटून पुढे सरकायचं आणि दाण्यापर्यंत पोचायच्या आत बाकीच्यांनी दाणे संपवलेले असायचे.

सासूबाईंनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं. "हे नाय जगायचं," म्हणाल्या आणि फुलं तोडायला गेल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी आयुष्यभर पिल्लं पाहिली होती, बस.

मला मात्र राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. घरात एक माणूस काठी घेऊन हिंडतोय, आणि त्याच घरात पाय गेलेल्या जिवाबद्दल असं पटकन बोलायचं, हे मला सोसलं नाही. मी फोनवर शोधत बसले. पाय फार फाकू नयेत म्हणून दोन्ही पायांना मध्ये थोडं अंतर ठेवून पट्टी बांधतात, असं कळलं. नवऱ्याची उरलेली चिकटपट्टी होतीच. मी पिल्लू धरलं, त्याने पट्टी कापली. पहिल्या पट्टीत ते तोंडावर पडलं, दुसरीत मागे. तिसऱ्या वेळी क्षणभर उभं राहिलं आणि आम्ही दोघं असे खूश झालो की जणू पोराने बोर्डात नंबर काढला.

वर्तमानपत्र काढून गोणपाट अंथरलं. त्यावर नखं रुततात आणि पाय सरकत नाहीत. चहाच्या मोठ्या मगात कापड कोंबून त्यात मी त्याला थोडा वेळ उभं ठेवायचे, म्हणजे पाय खाली राहतात आणि अंगाला आधार मिळतो. मगातून फक्त डोकं वर. ते टीव्हीकडे बघत बसायचं. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सचे थेंब आणले. दुकानदाराने विचारलं, किती पक्षी आहेत. मी म्हटलं, एक. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यात लहान बाटली दिली.

पट्टी सुटली तेव्हा पाय सरळ झाले होते, पण त्यांत जोर नव्हता. बोटं आत वळायची, चार पावलं टाकली की ते बसायचं. तेव्हा आंघोळ सुरू झाली. नवऱ्याला रोज सकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून व्यायाम करायला सांगितलं होतं. ते पाणी सासूबाई चुलीवर तापवायच्या, कारण गिझरच्या पाण्यात ताकद नसते असं त्यांचं ठाम मत आहे. नवऱ्याचं झालं की मी थोडं पाणी छोट्या टबात काढायचे, त्यात पिल्लाला सोडायचे आणि त्याच्या पायांची बोटं एकेक करून उघडायचे. पाण्यात अंगाचं वजन लागत नाही, त्यामुळे ते पाय हलवायचं. वरून पाठीवर हाताने पाणी सोडलं की डोळे मिटायचं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून उन्हात. पुढे पुढे तर पाण्याचा आवाज आला की ते स्वतःच टबापाशी येऊन उभं राहायचं आणि नवऱ्याचा पाय बाहेर निघायची वाट बघायचं.

ते दिवस खरंच छान होते. नवऱ्याचं घरी बसणं, माझं आधी शेवंतीत आणि मग टबापाशी बसणं, सगळ्याची एक घडी बसली होती. नवरा एक दिवस काठीशिवाय ओट्यापर्यंत गेला, त्याच आठवड्यात पिल्लू गोणपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न बसता गेलं. तो म्हणाला, माझ्यापेक्षा याच्याकडे जास्त लक्ष आहे तुझं. मी म्हटलं, तो तुझ्यासारखा कुरकुरत नाही.

होळीपर्यंत बाकीच्या पिल्लांपैकी बरीचशी मुंगसाने नेली. दोन कोंबड्या उरल्या आणि हे. याच्या डोक्यावर तुरा लाल होऊ लागला, तेव्हा सासूबाईंची नजर बदलली. रोज सकाळी येऊन त्या त्याचे पाय दाबून बघायच्या, त्याला अंगणात सोडून चालवायच्या, मान हलवायच्या. मूठभर बाजरीही त्याच्यापुढे वेगळी पडू लागली. मला वाटलं, म्हातारीला माया फुटली. मी नवऱ्याला तसं सांगितलंही, अगदी विजयाने.

मग एक दिवस त्या सहज बोलून गेल्या, "आखाडापस्तोर सरळ चालला पाहिजे. देवाला अधू चालत नाय."

तेव्हा सगळं कळलं. अपघाताच्या वेळी त्या म्हसोबाला बोलल्या होत्या: पोरगा काठीशिवाय चालू दे, आखाडात तुला कोंबडा देईन, तोही विकतचा नाही, घरच्या कोंबडीखालचा. आणि घरच्या कोंबडीखालचा कोंबडा आता एकच उरला होता.

मी भांडले. बाजारातून आणा दुसरा, चांगला दांडगा आणा. त्या म्हणाल्या, घरचा बोलले, घरचाच द्यायचा. मी म्हटलं, देवाला काय कळतंय कुठला आहे ते. हे मात्र मी बोलायला नको होतं. त्या चिडल्या नाहीत, फक्त फुलांची पाटी खाली ठेवली. "तू नाय बोलली नवस, मी बोलले," त्या म्हणाल्या. "रोज त्याच रस्त्यानं जातोय तो. काय झालं परत, तर मी कुणाकडं बघू?" नवरा तेव्हा पुन्हा कामावर जायला लागला होता आणि त्याला यायला उशीर झाला की मीसुद्धा गेटपाशी जाऊन उभी राहत होते.

पण पेच मोठा विचित्र होता. मी जितकी मेहनत घेणार तितका कोंबडा सुऱ्याच्या जवळ जाणार. मेहनत सोडावी तर लंगड्या कोंबड्याचं आयुष्य असं कितीसं? बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून त्याला कोपऱ्यात बसवतात, हे मी पाहिलेलं होतं. चार दिवस मी टबाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तो माझ्या साडीचा काठ चोचीत धरून ओढत राहिला. मग मी मुकाट्याने पाणी काढलं. नवऱ्याचे व्यायाम तेव्हा कधीच संपले होते, तरी चुलीवर पाणी तापलेलं होतंच. मी ते घेतलं आणि कामाला लागले. आखाड अजून लांब आहे, असं स्वतःला सांगत राहिले.

आखाड आला. कोंबडा अंगापिंडाने भरला होता, तांबडा, मान ताठ, चाल अगदी सरळ. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. मंगळवारी आम्ही बांधावर गेलो. सासूबाई, आम्ही दोघं आणि चुलत सासरे, कारण कापायचं काम घराण्यात तेच करतात. ते सकाळपासून खुशीत होते. रश्श्याला मसाला कुठला घालायचा, याची त्यांनी येताना वाटेतच चौकशी केली होती.

आमच्याकडे कापण्याआधी कोंबड्यावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवाने कौल दिला, आपला मान त्याला पटला. झाडलं नाही तर सुरा उचलायचा नाही. असं सहसा होत नाही. कुठला कोंबडा पाणी पडल्यावर अंग झाडणार नाही?

सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि तांब्यातलं पाणी ओंजळीने कोंबड्याच्या पाठीवर सोडलं. त्याने डोळे मिटले. पाय जरा वाकवून अंग सैल सोडलं आणि तसाच उभा राहिला. चुलत सासरे म्हणाले, अजून टाका. सासूबाईंनी अजून टाकलं. कोंबड्याने मान खाली घातली, म्हणजे मानेवरही येऊ दे. मग त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तो टॉवेलची वाट बघत होता.

नवऱ्याच्या ते ध्यानात आलं आणि तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगल्या पायावर.

सासूबाईंनी तिसऱ्यांदा अख्खा तांब्या रिकामा केला. कोंबडा चिंब झाला, पण हलला नाही. चुलत सासऱ्यांनी सुरा फडक्यात गुंडाळला. आपल्याला कळतं ते सांगायला हवं म्हणून ते तोंड पाडून बोलले, "नाय घेत तो. जोर करू नये." सासूबाईंनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी नारळ फोडला, पाणी म्हसोबावर ओतलं आणि कोंबडा देवाच्या नावाने सोडला असं मोठ्याने म्हणाल्या. देवाचा कोंबडा बांधावरून उतरला आणि आमच्यामागे चालत घरी आला. चुलत सासरे आमच्याकडे पिठलं-भाकरी जेवले.

संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर सकाळच्या बाजारासाठी गुलछडीच्या जुड्या बांधत होतो. मला आनंद लपवता येत नव्हता आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीरही होत नव्हता. नवरा अजून कंपनीतून यायचा होता. देवाचं झाल्यावर तो दुसऱ्या पाळीला गेला होता. शेवटी मी विचारलंच. म्हटलं, आई, नवस राहिला, तुम्हाला धाकधूक नाही ना वाटत?

त्यांनी जुडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला.

"तो अंग का झाडत नाय, ते मला कळत नाय व्हय गं? पाणी रोज मीच तापवत व्हते."

मी पुढची जुडी हातात घेतली.

"मी म्हसोबाकडं एक पाय मागितला व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानं तीन दिले. आता त्यातले दोन परत मागायला तो काय येडा हाय?"