गेरूच्या खुणा

काल नातवानं फॅमिली ग्रुपवर रिठदच्या घराचे फोटो टाकले... धाबं, म्हणजे मातीचं छप्पर, उतरवायचं काम सुरू झालंय म्हणे. प्रत्येक लाकडावर नंबरचं स्टिकर! ते बघून मला इतकं हसू आलं, की शेवटी हे लिहायलाच बसले.

गोष्ट पन्नास सालानंतरची, माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. घराची मागची भिंत वाळवीनं पोखरल्यामुळे खचली होती. ती नवी घालायची, तर वरचं मातीचं धाबं आणि त्याखालचं सगळं सागवान उतरवणं भाग होतं. आमचं बिऱ्हाड गोठ्यात, आणि सगळ्यांना एकच घोर... मृगाच्या आत धाबं परत चढलं पाहिजे.

रिसोडचे रहीममिस्त्री काम बघत होते. उतरवलेल्या प्रत्येक लाकडावर ते गेरूनं खूण करायचे. त्या घरात खिळा नव्हताच हो! एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसायचं, आणि ज्याचं त्यालाच बसायचं.

जुम्म्याच्या नमाजाला मिस्त्री रिसोडला गेले. आणि मी... इंझोरीहून आलेली नवी सून, काहीतरी करून दाखवायची हौस फार! आमच्या माहेरी घरात चढणारं लाकूड आंघोळ घालून, तेल लावूनच चढवतात. मला वाटलं, इथे कोणाच्या लक्षात राहिलं नसेल. दिवसभर विहिरीचं पाणी शेंदून मी एकूण एक लाकूड काथ्यानं घासलं. वाळल्यावर जवसाचं तेल चोपडलं. सासूबाई खूश झाल्या... गेरूच्या खुणा धुऊन गेल्याचं त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले आणि डोक्याला हात लावून खालीच बसले. अंदाजानं जुळवायचं तर महिना जाईल म्हणाले, आणि मृग पंधरा दिवसांवर! मामंजी, म्हणजे माझे सासरे, नुसते आभाळाकडे बघायला लागले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. आपल्यामुळे हे घर आता उघड्यावर पडणार, एवढंच डोक्यात होतं.

रडता रडता एकदम आठवलं... घासताना टोकांशी बोटांना काहीतरी लागत होतं! बारीक खाचा. मी त्यात काडी घालून मळसुद्धा काढला होता.

सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही तेव्हाची रीत. पण पदर ओढला आणि थेट अंगणात जाऊन बोलले, "मामंजी, लाकडायले टोकाशी खाचा हायेत. मी पाह्यल्या."

मिस्त्रींनी एक तुळई उन्हात फिरवली. तेलानं खाचा काळ्याभोर उठून दिसत होत्या. तुळईला तीन खाचा, तर मधल्या खांबाच्या माथ्यालाही तीन! मग चाराला चार, पाचाला पाच... मी या लाकडावरून त्या लाकडाकडे नुसती पळत होते, पदराचं भानच नव्हतं.

"हे घर याच्या आंधी एकदा खोललेलं हाये," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या जागी न्यायाचं असन तवाच कोनी पटाशीनं अशा खुना करते."

मामंजी कितीतरी वेळ त्या खाचांवरून बोट फिरवत राहिले. त्यांचे आजोबा सांगायचे म्हणे, की हे घर इंझोरीला विकत घेऊन, खोलून, बैलगाड्यांतून इथे आणलं. त्याच ओळखीतून पुढे दोन्ही गावांत सोयरिकी जुळल्या. पण अख्खं घर गाड्यांतून... ते कोणाला खरं वाटलं नव्हतं.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घरबी तुह्याच गावचं निंघालं, पोरी."

तोवर त्यांनी मला कधी हाकसुद्धा मारली नव्हती. मी पुन्हा गोठ्यात जाऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

मृगाच्या चार दिवस आधी धाबं चढलं. चढवताना मिस्त्रींनी एकेक खाच पटाशीनं आणखी खोल केली... सूनबाईच्या हाताचा भरवसा नाही म्हणून!

नातवाला सांगितलंय, स्टिकर लाव बाबा हवे तेवढे, पण आधी टोकं बघ. आणि मधल्या खांबाला जरा जपून उतरव. माझ्या माहेरचं माणूस आहे ते.