भाऊजींच्या मापाची सायकल

आमच्या भाऊजींइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात नसेल, आणि असलाच तर भाऊजींना त्याचा संशय आधीच आलेला असेल. मी त्या काळी गिरणीच्या फाटकाशी पत्रकं वाटायचो. साऱ्या व्यवस्थेवर संशय घ्यायला मला त्या पत्रकांनी शिकवलं होतं, पण व्यवस्था काही रोज दारात येऊन भेटत नाही. भाऊजी भेटणाऱ्यांपासून सुरुवात करत. दूधवाला हसला की ते दूध ठेवून घेत आणि दिवसभर त्याच्या हसण्याचं कारण शोधत. शिंप्याशी तर त्यांचं कायमचं वैर. "पँटीचं कापड सगळ्याइले सारखंच लागते म्हणे. मग माह्या पायाले लागून उरलं, ते कुठं गेलं?" एकदा त्यांनी शिंप्याच्या दुकानातल्या उशीचा अभ्रा ओळखला आणि त्या उशीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मी हाय."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. भाऊजींचे पाय आखूड, धड मात्र चांगलं लांब. पंगतीत बसले की शेजाऱ्याच्या डोक्यावरून वाढप्याला हाक मारत. जेवून उभे राहिले की तोच वाढपी म्हणायचा, "उठा आता साहेब, दुसरी पंगत थांबून राहिली." देवाने असं माप का घेतलं, यावरही त्यांचा एक संशय होता, पण तो ते माझ्या ताईसमोर बोलत नसत.

भाऊजींचं घर विणकरांचं. ते स्वतः कारकून झाले होते, पण त्यांचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पुढच्या खोलीत अजून लुगडी विणत. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि खालच्या पावड्या दाबायच्या, असा तो जुना माग. अशात भाऊजींची बदली कामठीला झाली. बसवर त्यांचा भरवसा नव्हता. ड्रायव्हर त्यांना पाहून मुद्दाम चार पावलं पुढे थांबवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. सायकल जमली तर रोज घरी येता येणार होतं. नाही जमली तर ताईला घेऊन कामठीला खोली करायची, आणि आबा मागे एकटे. कारण आबा माग सोडून कुठे जाणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आम्ही दुकानं पालथी घातली. मोठ्या सायकलवर भाऊजींचे पाय हवेतच गोल फिरत. बायकांच्या सायकलवर पाय पुरले, पण हँडल इतकं जवळ आलं की ते अर्ज लिहायला बसल्यासारखे दिसत. मुलांच्या सायकलवर गुडघे हनुवटीला भेटायला येत.

"सीट खाली करून देतो ना साहेब," दुकानदार म्हणाला.

"सीट खाली गेली. दांडा गेला का?" भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आमच्या घरी खड्डा खणाच्या आंधी विणकराचे पाय मोजतात गा. पावडी टेकली नाही, तं खड्डा भरून वर आणतात. पाय वढून लांब नाही करत. हे सायकलवाले कोणाचे पाय मोजून आले?"

मी पेटून उठलो. त्या रात्रीच 'माप ठरवणारे तुम्ही कोण?' असं पत्रक लिहून काढलं. भाऊजींनी ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "हे तुले कोणं लिहून देल्लं?"

शेवटी त्यातल्या त्यात लहान अशी एक पुरुषांची सायकल घेतली. पेडल खाली गेलं की पायाचे चवडे कसेबसे टेकत. रस्त्यात कोणत्या झाडाला आणि कोणत्या दगडाला टेकून थांबता येतं, हे त्यांनी पाठ केलं. पण रेल्वेच्या फाटकाशी झाड नव्हतं. तिथे थांबताना पेडलवरचा पाय निसटला आणि ते सायकलसकट एका बाईच्या संत्र्यांच्या टोपलीत गेले. "फाटकवाल्यानं मले पाहूनच फाटक लावलं," गुडघ्याला हळद लावून घेताना ते सांगत होते.

"लावलं असन," ताई म्हणाली. "आता कामठीले खोली पाहा. मले तुमचे हातपाय पाह्यजे."

पुढच्या खोलीतला माग तेवढा वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी भाऊजींची हाक आली. सायकलच्या पेडलांवर लाकडाचे जाड तुकडे बांधलेले होते. "हे कोणं केलं?" पहिला संशय माझ्यावर, कारण मी जग बदलायला निघालो होतो. दुसरा दुकानदारावर. तिसरा ताईवर. "मले पाडाचा बेत असन. खोली पाह्याची हाय ना हिले." लाकूड मधोमध पायांनी झिजून गुळगुळीत झालेलं होतं. भाऊजी खाली वाकले, बांधलेलं सूत पाहिलं, गाठ पाहिली, आणि तडक आत गेले.

पुढच्या खोलीत आबा मागाच्या काठावर मांडी घालून बसले होते. खड्डा रिकामा होता.

"आबा, पावड्या?"

"धागा दिसत नाही आता डोयानं. लाकूड कायले सडवू? तुहे पाय माह्यासारखेच हायेत. जाय, टाइम होऊन राहिला तुहा."

भाऊजींनी त्या उत्तरावर संशय घेतला नाही. त्यांच्या सहवासात असं मी तेव्हाच पाहिलं. ते कामठीला गेले आणि संध्याकाळी घरी आले. मग वर्षानुवर्षं येत राहिले.

आबा गेल्यानंतर एका उन्हाळ्यात ते सूत तुटलं. दुकानदार तार बांधून देत होता. भाऊजींनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः अंगणात बसून नवं सूत बांधलं आणि मला बोलावलं.

"पाह्य बरं गा, गाठ बरोबर हाय का? मले माह्यावर भरोसा नाही."

मला गाठीतलं काहीच कळत नव्हतं. "आबांसारखीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "खोटं बोलून राहिला तू," म्हणाले, आणि सायकल घेऊन निघाले. रोज घाईत असणारे भाऊजी त्या दिवशी फार सावकाश गेले.