रुळापल्याडची भिंत
ओल्या सिमेंटचा वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या घरासमोरचे रूळ आठवतात. पॅसेंजर गेली की मांडणीतली भांडी थरथरायची आणि अर्धशिशीनं बेजार झालेली आई कपाळाला फडकं आवळायची. वडिलांनी रेल्वेच्या कचेरीत हेलपाटे घातले, तेव्हा कुठं आवाज अडवायला भिंत मंजूर झाली. ती उठली मात्र रुळापल्याड, साहेबांच्या बंगल्यांपुढं. तरी आई रोज रूळ ओलांडून गवंड्यांना चहा न्यायची. म्हणायची, "भिंत हाय की, कुठंबी असंना!" भिंत पुरी झाल्यावर पहिली गाडी गेली आणि सगळा खडखडाट भिंतीवर आपटून आमच्या दारात आला. "गाडी परत आली व्हय रं?" आईनं मला विचारलं. आता आई नाही. बंगल्यांत साहेब निवांत झोपतात, आणि गवंड्यांच्या चहाचे ते कप आमच्या मांडणीत अजून वाजतात.