लाल पडलेल्या कुरडया

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला सांगते, पण गोड आवाजात जमणार नाही — मी चिडलेली आहे.

परवा मुलांसाठी ते पाकिटातले नूडल्स केले. पुडीतला मसाला मी वापरत नाही. धणे, सुका लसूण, आमचूर, हळद, भिवापुरी मिरची — भाजून, कुटून तोच मसाला घरी करते. जमला होता हो, अगदी तोच वास. आणि त्या वासानंच डोकं फिरलं.

लहानपणी आमच्या इतवारीतल्या घरी असलं पाकीट आणायला आईची सक्त मनाई. "घरी एवढं वाळवण घालून राहिलो, अन् हिले बाहेरचं पाहिजे," हे तिचं ठरलेलं वाक्य. शेवटी रेखाकाकूनं, म्हणजे धाकट्या काकाच्या नव्या बायकोनं, पदराखाली लपवून एक पाकीट मला आणून दिलं. नूडल्स मी कच्चेच चुरून खाल्ले. मसाल्याची पुडी मात्र जपून ठेवली.

काय सुचलं असेल मला? गच्चीवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र, अजून ओल्या. वाटलं, यांच्यावर मसाला टाकला की झाले आपले नूडल्स. टाकला. चिकात पापडखार, वरून मसाल्यातली हळद, आणि खार लागला की हळद लाल होते — संध्याकाळपर्यंत कुरडया लाल पडल्या.

आता मला सांगा, नाकाशी धरल्या असत्या तर कळलं नसतं? पण वाकायचे कष्ट कोण घेणार? कुरडया लाल पडल्या की आमच्याकडे कारण एकच, पाळीतल्या बाईची सावली. सकाळी आईच्या मदतीला काकू होती. झालं.

"बाई, मले अडचण नव्हती जी," काकू म्हणाली.

"मग लाल काहून पडल्या वं?" आईनं गल्लीतल्या बायांसमोर विचारलं.

मी तिथेच होते. मूग गिळून बसले. माराची भीती होती? होती. पण खरं सांगू — आईचा राग दुसऱ्या कोणावर तरी निघतोय, याचं मला बरं वाटत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर समोर उभा राहून बघतोय. त्यानंतर त्या घरात काकूला वाळवणाला कधी हात लावू दिला नाही. विटाळ लपवणारी, खोटारडी — हे तिला जन्माचं चिकटलं.

आईचा राग येतो. त्या बायांचा येतो. त्या अडाणी समजुतीचा तर संताप येतो. पण त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

यंदा उन्हाळ्यात मी माझ्या गच्चीवर कुरडया घातल्या, त्या दिवशी काकू भेटायला आली. पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेली ती बाई गच्चीच्या दारातच थांबली. पदर अंगाशी ओढून, सावली पडू नये म्हणून एक पाऊल मागे सरकली.

"मी इथूनच पाहतो वं," म्हणाली.

मी "बरं" म्हटलं.